पाडव्याची साफसफाई आणि बाबांचा कॉम्प्युटर

पाडव्याच्या आधी आमच्याकडे माळा रिकामा होतो, पितळी भांडी चिंच लावून निघतात. यंदा आईने त्यात भर टाकली. "त्या डब्याचं काय ते बघ. घरात विमान उडाल्यासारखं वाटतं."

डबा म्हणजे बाबांचा २०१४ मध्ये घेतलेला डेस्कटॉप. निवृत्तीनंतर बाबा रोज सकाळी त्यावर आठवणी टाइप करतात. दोन महिने पंखा घोंघावत होता आणि मार्चची उन्हं तापल्यापासून तर मशीन दुपारी आपोआप बंद पडायचं. दुकानदाराने न उघडताच "जुना झालाय, नवीन घ्या" असं सांगितलं होतं. मीही किमती बघायला लागलो होतो.

उघडण्याआधी एका मोफत प्रोग्रॅमने प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, तापमान बघितलं. नुसता चालू ठेवला तर ६८ अंश, एक व्हिडिओ लावला की ९७. असले प्रोसेसर शंभरीच्या आसपास गेले की स्वतःच वेग कमी करतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद पडतं. म्हणजे रोग म्हातारपणाचा नव्हता, दम कोंडल्याचा होता.

सगळ्या वायरी काढल्या, उरलीसुरली वीज उतरावी म्हणून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं आणि कॅबिनेट गॅलरीत नेलं. शेजारच्या काकांकडून ब्लोअर आणला होता. पहिल्याच झोताला पंखा शिट्टी मारत असा गरगरला की मी घाबरलोच. झोताने पंखा असा बेफाम फिरू दिला तर बेअरिंगची वाट लागते, म्हणून पात्यांत बाबांची पेन्सिल अडकवली. धूळ मात्र लोटाने बाहेर पडली आणि थेट पलीकडे वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली. कॅबिनेट नेताना मला त्या दिसल्याच नव्हत्या. आई काय बोलली ते इथे लिहीत नाही.

एवढं करूनही तापमान फार उतरेना. शेवटी हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा, काढायचं ठरवलं. चार कोपऱ्यांतल्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवल्या, वर ओढल्या आणि पंखा वेगळा केला. पंख्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर राखाडी थर जमला होता, जुन्या गोधडीतल्या कापसासारखा घट्ट. चिमटीत धरून ओढला तर अख्खा तुकडा निघाला! इथून हवा जाणार तरी कुठून? प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली आणि खुंट्या तिरक्या जोडीने दाबल्या. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडला नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज साठून राहते. त्याला बाहेरूनच हवा मारली.

चालू केला तर पडदा काळा आणि नुसतं बीप-बीप. पोटात गोळा आला. बाबा खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "रॅम हललं असेल." हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे. रॅम म्हणजे मेमरीची पट्टी. ती काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासल्या आणि दोन्ही बाजूंनी टक्क वाजेपर्यंत दाबून बसवली. मशीन सुरू झालं. नुसतं चालू असताना ४१, व्हिडिओवर ६४. पंखा चालतोय की नाही ते वाकून बघावं लागलं.

मग चढला उत्साह, आणि कीबोर्ड घेतला. टीव्हीएस गोल्ड, खटखट वाजणारा. बाबा दुसऱ्या कशावर हात ठेवत नाहीत. उलटा करून थोपटला तर चिवड्यातलं डाळं, तीळ, स्टेपलच्या पिना, नखाचा तुकडा. बटणांचा फोटो काढून ठेवला, दोन पेपरक्लिपा वाकवून एकेक बटण सरळ वर ओढलं. स्पेसबारखाली तार असते, तिथे घाई केली नाही. खालचा मळ कोरड्या ब्रशने आणि अल्कोहोलच्या बोळ्याने काढला. शंभरावर बटणं चाळणीत घालून कोमट साबणाच्या पाण्यात टाकली आणि चहा प्यायला गेलो.

परत आलो तर पाण्यावर देवनागरी तरंगत होती. बाबांनी हौसेने चिकटवलेले इनस्क्रिप्टचे, म्हणजे देवनागरी टायपिंगच्या मांडणीचे, स्टिकर सुटले होते. क, प, र, त, सगळे.

बटणं दिवसभर सुकवून फोटो बघत बसवली. बाबांनी कीबोर्ड पुढे ओढला, जरा वेळ बघितला आणि टाइप करायला लागले. के वर क, एच वर प, डी वर हलन्त, बोटं अडत नव्हती. दहा मिनिटांनी आतून हाक आली, "अरे, तो 'ज्ञ' कुठे गेला?"

"शिफ्ट आणि पाच, बाबा."

"हां. आणि ब्लोअर परत दिलास का? मिक्सरच्या बुडाचं बघ म्हणतेय आई."