दारावरचं जनावर

रात्रभर पावसाने झोडपलं होतं. सकाळी शाळेचं कुलूप काढायला गेले तर पोरं पायरीखालीच थांबलेली. "बाईनू, दारार जनावर!" कोकणात जनावर म्हणजे साप. मीही दोन पावलं मागे सरले.

साप नव्हता. कडी-कोयंड्याला लागूनच, चौकटीवर ॲटलास पतंग बसला होता. विटकरी पंख, आणि वरची टोकं थेट सापाच्या डोक्यासारखी, डोळ्यासकट. पट्टी धरली, २२ सेंटिमीटर!

आदल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहून दिलं होतं की फुलपाखरू पंख मिटून बसतं आणि पतंग पसरून. म्हणून विचारलं, हा कोण? चौथीतला एकजण म्हणाला, "पतंग. पण बाईनू, राणी पाकोळी पण पंख पसरूनच बसता, लिंबार."

राणी पाकोळी, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. काळ्या पंखांवर निळे ठिपके. शाळेमागच्या लिंबावर तिच्या अळ्या असतात. काडी लावली की त्या डोक्यामागून लाल शिंग काढून घाण वास सोडतात, आणि मधल्या सुट्टीत पोरांना दुसरा उद्योग नसतो. मी पुस्तकातून शिकवलं होतं, त्याने लिंबावर पाहिलं होतं. फळा पुसला.

मग मिशांकडे वळलो. पाकोळीच्या मिशा तारेसारख्या, टोकाला गुंडी. ह्याच्या पिसासारख्या, पण अरुंद. पोटही फुगलेलं. म्हणजे मादी. नराच्या मिशा चांगल्या रुंद असतात. मादीचा गंध त्याला अंधारात दुरून हुंगायचा असतो.

एका मुलीने खिचडीच्या खोलीतून वाटीभर साखरपाणी आणलं. पाकोळी सोंडेने फुलातला रस पिते, हिला खाण्याजोगं तोंडच नाही, असं सांगितलं.

"मगे जगता कशार?"

"अळी असताना खाल्लं, त्याच्यावर."

"किती दिवस?"

"आठवडा. फार तर दोन."

ती वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

दार उघडलं तर पंख चिरडणार, म्हणून दिवसभर वर्ग पडवीत भरवला. हजेरीपट पार भिजला. केंद्रप्रमुख नेमके त्या दिवशी फिरकले नाहीत, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी पोरं माझ्या आधी हजर. चौकटीवर आता दोघं होती, एकमेकांना चिकटून. नवा जरा लहान, मिशा रुंद.

"बाईनू, तिचो घोव इलो!"