लिफ्टचा लिव्हर

२७ जून, मसुरे

सकाळी खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या तुकड्यात, चिखलणी चालू असताना मिनी ट्रॅक्टरच्या लिफ्टचा, म्हणजे मागचं अवजार वर-खाली करायचा, लिव्हर मानेत तुटला. मुठीकडचा तुकडा चुलतभावाच्या हातात, बुडखा जागच्या जागी आणि चिखल घुसळणारा रोटर अर्धवट उचललेला. लावणीचा तरवा (भाताची रोपं) काढून ठेवलाय, पाऊस हवा तसा पडतोय, मोडायला मुहूर्त अगदी साधला.

बुडख्याला लॉकवाली पक्कड लावून तो पुढे ढकलला, रोटर जमिनीला टेकवला, मगच इंजिन बंद केलं. दीड-दोनशे किलोचं अवजार तेलाच्या दाबावर लटकत असताना तिथे हात घालायची आमच्यात कोणाची छाती नाही. नसलेलीच बरी. लिव्हर बुडख्यासकट सोडवला आणि ट्रॅक्टर ताडपत्रीखाली तिथेच ठेवला. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करून घेतलं तर वेळ वाचतो, पण तापलेल्या जागेजवळची सीलं जातात, बॅटरीची वायर काढायची राहिली तर विजेच्या सामानाचंही खरं नाही.

डीलरकडे फोन केला तर पार्ट मागवावा लागेल म्हणाले. म्हणजे लावणी त्यांच्या सवडीने. दुपारी आचरे तिठ्यावर वेल्डिंगवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी आधी तुकडा ग्राइंडरवर नुसता टेकवला. ठिणग्या लांब, पिवळ्या, टोकाला फुटणाऱ्या. "बीड नाय, स्टील हा. धरतला." बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ठिणग्या आखूड आणि लालसर असतात, आणि त्याचा वेल्ड साध्या रॉडने टिकत नाही. मग दोन्ही तुकडे जुळवून लिव्हरचा बाक खडूने लादीवर काढून घेतला, कारण बाक चुकला तर दांडा खाचेच्या पट्टीला घासणार. दोन्ही तोंडांना उतार काढून सांधा भरला, मागून छोटी पट्टी जोडली. पावसाळ्यात रॉड ओल धरतात आणि वेल्डला भोकं पडतात, म्हणून काकांचे रॉड पेटलेला बल्ब सोडलेल्या पत्र्याच्या डब्यात असतात.

बुडख्याबरोबर आलेली घर्षणाची चकती पाहून मात्र ते म्हणाले, "वेल्ड मारून दितंय. पण खालचो गंज काढलंस नाय तर परत येतलंस."

खरं दुखणं तिथेच होतं. लिव्हर हव्या त्या उंचीवर थांबावा म्हणून बुडाशी चकत्या आणि स्प्रिंग वॉशर दाबून बसवलेले असतात. खाडीची खारी हवा आणि चिखलाचं पाणी लागून ते गंजले, लिव्हर जड झाला, आणि जड झाला म्हणून प्रत्येक जण तो हिसकावून ओढू लागला. त्यात आमचे कुणगे एवढेसे. घाटावर लांबच लांब तास मारायचा आणि टोकाला एकदा रोटर उचलायचा. इथे चार पावलांवर मेर (बांध) येते, प्रत्येक वळणाला रोटर वर, परत खाली. घाटावरचा लिव्हर वर्षभरात जेवढा हलत असेल तेवढा आमचा एका लावणीत हलतो, असा माझा अंदाज. त्यामुळे ट्रॅक्टरला किंवा चुलतभावाच्या मनगटाला दोष देण्यात अर्थ नाही. बाबांचं मत वेगळं: "आमच्या वेळाक बैलाची शेपटी होच लिव्हर. मोडलो नाय कधी."

संध्याकाळी चकत्या रॉकेलने धुतल्या, पॉलिश पेपरने घासल्या, कोरड्या करून बसवल्या. चुलतभाऊ ग्रीसचा डबा घेऊन आला होता, त्याला परत पाठवला. चकत्यांना ग्रीस लागलं की लिव्हर धरतच नाही, रोटरच्या हादऱ्याने आपोआप सरकतो. नट थोडा थोडा आवळत गेलो. आता दोन बोटांनी हलतो आणि सोडला तिथे थांबतो.

शेजारचा ड्राफ्टचा लिव्हर अजून बघितलेला नाही. तो नांगराच्या खोलीसाठी, चिखलणीत त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे तो गंजून आणखी जाम झाला असणार. लावणी आटपली की तोही सोडवायचा, आणि कोणी मध्येच ओढू नये म्हणून तोवर त्याला सुतळी बांधून ठेवलीय.