नोंद चौथी: भूवराहाचा नुसता ‘भू’ उरला

मागच्या नोंदीत साइट स्वतःच्या डोमेनवर हलवल्याचं मोठ्या आनंदाने लिहिलं होतं. त्यानंतर तीन महिने गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. साइटवर यायचे ते मी, माझा भाचा आणि एकदा चुकून बायको.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी खानापूरचा. बरीच वर्षं डीटीपीवर लग्नपत्रिका आणि स्मरणिका लावल्या. आता छंद म्हणून बेळगाव-खानापूर भागातली देवळं, गड, घाटरस्ते आणि घरोघरचे पदार्थ यांच्यावर मराठीत पानं लिहितो. पानं ८६, जाहिराती नाहीत, कमाई शून्य. लोकांनी शोधल्यावर ती सापडावीत एवढीच हौस.

बंद दार

गूगलमध्ये रोमन अक्षरांत ‘साइट:’ लिहून पुढे आपल्या डोमेनचं नाव टाकलं की आपली कुठली पानं त्याच्याकडे आहेत याचा अंदाज येतो. माझं एकही दिसत नव्हतं. मी आपला शीर्षकं बदलतोय, फोटो बदलतोय. शेवटी भाच्याला बसवलं. त्याने साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘वाचन’ उघडलं आणि हसायलाच लागला.

“मामा, तुमी गूगलला दार लावून बसलाय की ओ! आणि वर विचारालाय, पावणे का येईनात म्हणून.”

साइट तयार होत असताना अर्धवट पानं दिसू नयेत म्हणून ‘सर्च इंजिनांना या साइटपासून परावृत्त करा’ या चौकोनात मीच टिचकी मारली होती आणि नंतर विसरलो होतो. त्या एका टिचकीने प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘नोइंडेक्स’ची, म्हणजे ‘हे पान यादीत घेऊ नका’ अशी पाटी लागते. टिचकी काढली, सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठीचं गूगलचं साधन) साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी दिली, महत्त्वाची दहाएक पानं एकेक करून तपासायला घातली. आठवड्याभरात हलशीच्या देवळाचं पान आलं. बाकीची रमतगमत आली.

याच भानगडीत दुसरा घोटाळा सापडला. चाचणीची काही पानं लपवायला मी ‘नोइंडेक्स’ही लावलं होतं आणि ‘रोबोट्स’ फाइलीत (सर्च इंजिनांनी कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) तिकडे जायला बंदीही घातली होती. दोन कुलपं म्हणजे दुप्पट बंदोबस्त, असा हिशेब. पण बंदी असल्यामुळे गूगल ते पान उघडतच नाही, आणि उघडलं नाही तर आत लावलेली ‘नोइंडेक्स’ची पाटी त्याला दिसणार कशी? दुसऱ्या कुणाच्या दुव्यावरून (लिंकवरून) त्याला पानाचा पत्ता (यूआरएल) कळला, तर मजकुराशिवाय नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. पान खरंच काढायचं असेल तर त्याला आत येऊ द्यावं लागतं.

डीटीपीवाल्याचं पाप

८६ पैकी ४१ पानं जुन्या स्मरणिकांमधून उचललेली. ती मीच कधीकाळी जुन्या, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली. साइटवरही मी तोच फाँट चढवला होता, त्यामुळे माझ्या डोळ्यांना सगळं शुद्ध मराठी दिसायचं. गूगलला दिसत होता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. जुन्या फाँटमध्ये ‘क’ हा क नसतोच. तिथे कुठलं तरी इंग्रजी अक्षर असतं आणि फाँट त्याला क-चा अंगरखा घालतो. अंगरखा काढला की संपलं. तुमच्याकडे अशी पानं आहेत का हे बघायचं असेल तर एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. तिथे मराठी उमटलं तर ठीक.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर सोडून झोपू नका. पहिली वेलांटी आणि रफार यांची जागा नीट बघा. जुन्या फाँटमध्ये आपण दिसतं तसं टाइप करायचो, म्हणजे ‘कि’साठी आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचं त्याच्या उलट: पूर्वी अक्षरानंतर द्यायचो, आता र आणि हलन्त आधी येतात. त्यामुळे बदलताना ‘दुर्ग’चा ‘दुगर्’ होतो. माझ्याकडे एका पानावर असे अकरा ‘दुगर्’ निघाले. ‘पायऱ्या’ हा शब्दही दोन-तीन प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण माझ्या एडिटरमध्ये एक शोधला तर दुसरा सापडत नाही. मी सगळीकडे एकच ठेवला.

४१ पैकी १९ पानं झाली. रोज संध्याकाळी एक, तेही लाइट असेल तर.

पत्ता कापला जातो

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पानाचं शीर्षक दिलं होतं: ‘खानापूरजवळच्या हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर’. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप बनवतं. पत्ता बनला ‘खानापूरजवळच्या-हलशीचे-भू’. पुढे काही नाही. वराहही गेले, नरसिंहही गेले.

आधी वाटलं काही तरी बिघाड आहे. मग कागद घेऊन बसलो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची रीत) ३ बाइट घेतं. पत्त्यात तो प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन खुणा असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. पत्त्याच्या या तुकड्याला वर्डप्रेस एकूण २०० जागा देतं. ‘खानापूरजवळच्या’ची चिन्हं १४, ‘हलशीचे’ची ६, ‘भू’ची २. झाली २२, म्हणजे १९८ जागा, आणि मधल्या दोन आडव्या रेघा धरून बरोबर २००. गाडी भरली, भूवराहाला धोतराचं टोक धरून अर्ध्यात उतरवलं.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला २०० जागा उदंड होतात, त्यामुळे हे त्याच्या कधी लक्षातच येत नाही. शिवाय हाच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांची चार ओळींची माळ जाते आणि समोरचा म्हणतो, “हे व्हायरस हाय काय ओ?”

मराठी पत्त्याला गूगलची काही हरकत नाही, हेही सांगायला हवं. वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात चालतात. मी रोमन लिपीत ‘हलशी-नरसिंह-मंदिर’ असा आखूड पत्ता केला तो फक्त कापाकापीला आणि त्या माळेला कंटाळून. पत्त्यातल्या शब्दांचं वजन तसंही फार नसतं. ज्यांना देवनागरीच हवी त्यांनी हाताने दोन-तीन शब्दांचा पत्ता द्यावा.

पत्ता बदलताना एक लक्षात ठेवा. ‘पोस्ट’चा (तारखेने येणाऱ्या नोंदीचा) पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्याकडे आपणहून वळवतं. ‘पेज’चा (कायमच्या पानाचा) बदलला तर नाही. तिथे ३०१ प्रकारचं, म्हणजे कायमचं वळण स्वतः लावावं लागतं. माझी सहा पानं या कारणाने चार दिवस बेवारस होती.

कुठलं खानापूर?

सर्च कन्सोलमध्ये लोक कुठले शब्द टाकून आपल्यापर्यंत येतात त्याची यादी मिळते, मागच्या १६ महिन्यांपर्यंतची. चहा घेऊन ही यादी वाचणं हा या छंदातला सगळ्यात सुखाचा भाग. शब्द काय टाकावेत हे सांगणारी विकतची साधनं आहेत, पण आपल्या एवढ्याशा भागाबद्दल त्यांना फारसं काही माहीत नसतं.

पहिला धक्का बसला तो म्हणजे निम्म्याहून जास्त लोक मराठी पानावर रोमन अक्षरांतून येतात. वाचायचं मराठीत, टाइप करायचं इंग्रजी कीबोर्डवर. दुसरा धक्का: ‘खानापूर’ शोधून येणारे कितीतरी लोक सांगली जिल्ह्यातल्या, विट्याकडच्या खानापूरच्या शोधात होते. ते बिचारे माझ्या पानावर जांबोटी-कणकुंबीचा पाऊस बघून परत जात होते. आपल्या गावाचं नाव जगात एकच आहे अशी आपली समजूत असते. आता प्रत्येक शीर्षकात ‘खानापूर, बेळगाव’ अशी जोडी ठेवतो.

आणि बेळगाव तरी एक कुठे आहे? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. मराठी माणूस बेळगाव म्हणतो, जुन्या इंग्रजी स्पेलिंगने शोधणारे अजून पुष्कळ आहेत, आणि नवीन पोरं नव्या स्पेलिंगने शोधतात. इथल्या नावावरून किती डोकी फुटली आहेत ते तुम्हाला माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. शोधणारा ज्या नावाने हाक मारेल त्या नावाने ओ द्यायची, एवढंच माझं धोरण.

ओ कशी द्यायची यात मी आधी माती खाल्ली. सगळी नावं पानाच्या आत लपलेल्या ‘मेटा कीवर्ड’ टॅगमध्ये कोंबली. गूगलने २००९ सालीच सांगितलंय की क्रमवारीसाठी ते हा टॅग बघत नाहीत. मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नऊ स्पेलिंगांची रांग लावली. ते तर उघड उघड शब्दांची कोंबाकोंबी, गूगलच्या नियमात न बसणारी. आता पहिल्या परिच्छेदात एक सरळ वाक्य असतं: ‘मराठीत हलशी, कन्नडमध्ये हलसी, कदंबांच्या काळी पलाशिका.’ ही माहिती वाचकालाही हवी असते. या एका वाक्यानंतर ‘पलाशिका’ शोधून तीन जण आले. तीनच, पण तिघेही पान शेवटपर्यंत वाचणारे असणार असं मी धरून चाललोय.

मनातले मांडे

मांड्यांचं पान माझं लाडकं. बेळगावची मावशी खापरावर मांडे करते, तिच्या शेजारी बसून लिहिलेलं. पीठ तेलाच्या हाताने इतकं सैल तिंबलेलं की ते ताटातून ओघळावं, मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढं करून उलट्या खापरावर टाकायचं. तपशील भरपूर, फोटो सुरेख. पान निकालात दिसायचं खूप वेळा, आणि क्लिक जवळजवळ नाही.

यादी उघडली तेव्हा उलगडा झाला. लोक शोधत होते ‘मनात मांडे खाणे अर्थ’. शाळेतली मुलं, वाक्प्रचाराचा अर्थ हवा. माझ्या पानाची पहिलीच ओळ होती ‘मनातले मांडे सगळेच खातात, पण…’ अशी नटवी. आणि रोमनमध्ये ‘मांडे’ टाकलं तर पश्चिम आफ्रिकेतला त्या नावाचा भाषासमूह समोर येतो.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “खायाचं सोडून अर्थ विचारालेत? अर्थ काय, पिठीसाखर जास्त घातली की फाटतंय.”

नटवी ओळ काढली. शीर्षक केलं ‘बेळगावचे मांडे: खापरावरची घरगुती कृती’. वर्णनात पीठ, साखर, वेलची आणि लागणारा वेळ. हे वर्णन क्रमवारी वाढवत नाही, पण निकालात वाचून माणूस ठरवतो आत यायचं की नाही. पान दिसण्याचा आकडा निम्म्यावर आला, क्लिक मात्र महिन्याला ४ वरून ३१. दिसण्याचा आकडा पडला तेव्हा मी एक रात्र झोपलो नव्हतो, तेव्हा तुम्ही तसं करू नका. निकालातला सरासरी क्रमांकही असाच फसवतो. नवे शब्द दूरच्या क्रमांकावर यायला लागले की सरासरी बिघडलेली दिसते, प्रत्यक्षात पान सुधारत असतं.

किरकोळ

कणकुंबीच्या स्टँडवर माझंच पान माझ्याच फोनवर उघडायला गेलो, तर बस आली तरी फोटो येईना. फोटो प्रत्येकी ५ एमबीचे होते. १२०० पिक्सेल रुंदीचे वेबपी (हलक्या फाइलीचा प्रकार) केले. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते. फोटो ‘लेझी’ (खाली सरकल्यावरच उतरणारे) लावले होते, त्यातून सगळ्यात वरचा मात्र वगळला, कारण तोच उशिरा आला तर पान रिकामं दिसतं.

‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणारा एक फोन आला. इतर साइटवरून माझ्याकडे येणारे दोनशे दुवे, अमुक रुपये. विकतचे दुवे नियमाबाहेर आहेत, म्हणून नको म्हटलं. त्याने माझ्या साइटचं नाव ‘खानपूर’ असं उच्चारलं, तिथेच खरं तर विषय संपला होता.

पुढच्या महिन्याचं काम: राहिलेली २२ जुन्या फाँटची पानं, आणि सांगलीच्या खानापूरवाल्यांसाठी वर एक ओळ, ‘हे ते खानापूर नव्हे’. मावशीने दिवाळीनंतर पुन्हा बोलावलंय. या वेळी खापरावर मांडा टाकतानाचा फोटो आडवा काढायचाय. मागच्या वेळचा उभा होता आणि त्यात मांड्यापेक्षा मावशीचा चष्माच जास्त आलाय.