ट्यूब अँप बॅटरीवर: इन्व्हर्टर जोडणीची आतापर्यंतची नोंद

जोडणी अशी: १५ वॉटचा ट्यूब गिटार अँप (ट्यूब: दोन ईएल८४, तीन १२एएक्स७), १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ३०० वॉट प्युअर साइन इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीपासून घरच्या विजेसारखा गुळगुळीत लहरीचा २३० व्होल्ट एसी देणारा).

अँपवर लिहिलेले १५ वॉट हिशेबात धरू नका. तो आकडा स्पीकरला मिळणाऱ्या पॉवरचा. ट्यूबचे हीटरच १५ वॉट खातात (६.३ व्होल्टवर सुमारे २.४ अँपिअर), वर प्लेटचा करंट, म्हणजे कोणी वाजवत नसतानाही अँप ६५ वॉटच्या आसपास ओढत राहतो. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून जवळपास ६ अँपिअर जातात. बॅटरीचे ९० टक्के वापरले तर ३ तास. तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड घेतली तर निम्म्याखाली उतरवता येत नाही, त्यामुळे दीड तासही कठीण. ट्रान्झिस्टर अँप शांत असताना फारच कमी ओढतो, त्याचे गणित वेगळे.

मॉडिफाइड साइन इन्व्हर्टर (गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारा) स्वस्त पडतो, पण इथे नकोच. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि जास्त तापतो हे सगळ्यांना माहीत असते. त्याहून मोठी अडचण पीक व्होल्टेजची, म्हणजे लहरीच्या माथ्यावरच्या व्होल्टेजची. २३० व्होल्ट साइनचा पीक ३२५ व्होल्ट. मॉडिफाइडचा त्याहून कमी, आणि बॅटरी उतरेल तसा आणखी घसरतो. हीटर आरएमएसवर (उष्णतेच्या हिशेबाने धरलेल्या सरासरी व्होल्टेजवर) चालतात म्हणून ते ठीक दिसतात, पण फिल्टर कपॅसिटर पीकपर्यंतच चार्ज होतात. बी-प्लस (ट्यूबच्या प्लेटला मिळणारे उच्च डीसी व्होल्टेज) पडतो, आवाज मऊ होतो, आणि दोष बिचाऱ्या ट्यूबवर येतो.

डीसी बाजूला १० चौरस मिमी तांब्याची वायर, जाण्या-येण्याची मिळून २ मीटर. ३० अँपिअरला ०.१ व्होल्ट पडतो. २.५ चौरस मिमीला तोच ०.४ व्होल्ट होतो आणि बॅटरी शिल्लक असतानाच इन्व्हर्टरचा लो-व्होल्टेज अलार्म वाजतो. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला अगदी लगत; इन्व्हर्टरजवळ लावला तर मधल्या वायरला संरक्षणच नाही. बीएमएस (बॅटरीतले संरक्षण सर्किट) किमान ३० अँपिअर सतत देणारे हवे.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्याचे रिकामे कपॅसिटर ठिणगी पाडतात, बीएमएस त्याला शॉर्ट समजून बंद होते. इन्व्हर्टरचा स्विच बंद ठेवून ३३ ओहम १० वॉट रेझिस्टरमधून दोन-तीन सेकंद चार्ज करा, मग थेट जोडा.

चालू करताना आधी इन्व्हर्टर, नंतर अँप, अँपचा स्टँडबाय स्विच (हीटर तापेपर्यंत प्लेटचे व्होल्टेज रोखणारा) शेवटी. तरीही सुरुवातीच्या करंटने इन्व्हर्टर ट्रिप झाला, तर मेन्सच्या फेजमध्ये १० ओहमचा एनटीसी (थंड असताना करंट अडवणारा, तापल्यावर मोकळा सोडणारा रेझिस्टर). अँप बंद करून लगेच चालू केला तर एनटीसी गरमच असतो, उपयोग शून्य; मिनिटभर थांबा. (चासी उघडण्याआधी फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरने तपासाच. ३०० व्होल्ट प्लग काढल्यावरही टिकून राहतात.)

अर्थिंग हा या कामातला सर्वांत फसवा भाग. बऱ्याच लहान इन्व्हर्टरचे आउटपुट फ्लोटिंग (अर्थशी न जोडलेले) असते. अँपची चासी आणि इन्व्हर्टरची बॉडी अर्थ वायरने जोडलेली राहू द्या, हम (स्पीकरमधली घूंघूं) घालवायला ती कापू नका. न्यूट्रल आणि अर्थ स्वतःहून जोडणे मात्र मॅन्युअल वाचल्याशिवाय नाही: काही इन्व्हर्टरमध्ये आउटपुटचा मध्यबिंदू बॉडीला जोडलेला असतो, तिथे ही जोडणी म्हणजे शॉर्ट आणि इन्व्हर्टर खलास.

आवाजातली चिरचिर बहुधा सिंगल-कॉइल पिकअप हवेतून उचलतो. गिटारचे तोंड फिरवल्यावर ती कमी-जास्त झाली, तर वायरिंग शोधत बसू नका. इन्व्हर्टर दोन मीटर लांब न्या. लांबी एसी बाजूला वाढवा, डीसी वायर आखूड आणि एकमेकींना पीळ दिलेल्या ठेवा. पेडल त्याच बॅटरीवर चालवायचे तर आयसोलेटेड कन्व्हर्टरमधूनच (ज्याच्या इनपुट-आउटपुटचा थेट विद्युत संबंध नसतो), नाहीतर ग्राउंड लूप (ग्राउंडच्या दोन वाटांमुळे येणारा हम) ठरलेला.

पुढे बाकी: ट्रू-आरएमएस मीटरने पूर्ण आवाजात आउटपुट व्होल्टेज मोजणे, आणि पंख्याच्या घरघरीसाठी इन्व्हर्टरला रबरी पाय.