चक्क्यातले हिरवे डिप : हिवाळ्याच्या तोंडाशी केलेली नोंद

पाहुण्यांपुढे ठेवण्याच्या हिरव्या डिपचा जो प्रयोग पावसाळ्याआधी हाती घेतला होता, तो आता सविस्तर नोंद करावी इतपत पुढे सरकला आहे. घट्ट आणि मऊ असावे, ताज्या पाल्याचा वास यावा, परंतु ते चटणीही वाटू नये आणि कोशिंबीरही वाटू नये, एवढीच अपेक्षा सुरुवातीपासून होती. ही अपेक्षा दिसते तितकी सोपी नाही, कारण आपल्याकडे दही आणि हिरवा पाला एकत्र आले की ते या दोहोंपैकी एका बाजूला झुकतातच. मिक्सरमधून फिरवले तर चटणीकडे आणि पाणी सुटले तर कोशिंबिरीकडे. या डिपमधील निम्म्याहून अधिक काम पाणी कोठून शिरते ते शोधून त्याला अडवण्याचे आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. मसाले, चीज, मेयोनेज यांचा विचार त्यानंतर करावा.

नमुना म्हणून समोर ठेवले आहे ते जर्मनीतील फ्रँकफुर्टचे हिरवे सॉस. बोराज, चर्व्हिल, क्रेस, पार्सली, सॅलड बर्नेट, सॉरेल आणि चाइव्ह्ज असा सात प्रकारचा ताजा पाला बारीक चिरून तो आंबट साय, दही किंवा क्वार्क (चक्क्यासारखे मऊ, ताजे चीज) यांत मिसळतात आणि उकडलेले बटाटे व अंडी यांबरोबर थंडच वाढतात. शहराच्या ओबरराड भागात या पाल्याची लागवड होते आणि सातही प्रकार एकाच कागदी पुडक्यात बांधून विकले जातात. २०१६ साली या पुडक्याला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. त्याच्या नियमांतील एक अट मला सर्वाधिक उपयोगी पडली: कोणत्याही एका पाल्याचे वजन एकूण वजनाच्या ३० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. घरच्या डिपला कोणतेच नियम लागू नाहीत हे खरे, पण ही एक मर्यादा पाळल्याबरोबर कोणताही एक वास वरचढ होण्याचे थांबले. माझ्या डिपला फ्रँकफुर्टचे नाव देण्याचा अर्थातच प्रश्न नाही, कारण त्या सातांपैकी तीन प्रकार पुण्याच्या मंडईत मला मिळत नाहीत.

क्वार्कच्या जागी चक्का घेतला आहे आणि या अदलाबदलीत काहीही गमावल्यासारखे वाटत नाही. ६ टक्के स्निग्धांशाच्या एक लिटर दुधाचे दही लावून, ते दुहेरी मलमलीत बांधून फ्रिजमध्ये रात्रभर निथळत ठेवले की साधारण ३५० ग्रॅम चक्का हाती येतो. फ्रिजमध्ये निथळवण्याचा आग्रह एवढ्यासाठी की ओट्यावर टांगलेले दही निथळता निथळता आंबतही जाते. श्रीखंडात ती आंबट चव साखरेखाली झाकली जाते, डिपमध्ये तिला झाकणारे काहीच नसते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन दोन्ही अधिक असल्याने त्याचा चक्का अंगचाच दाट होतो. गाईच्या दुधाचा थोडा मऊ राहतो आणि त्याला आणखी काही तास द्यावे लागतात. मात्र निथळवण्यालाही मर्यादा आहे. फडक्यावर वजन ठेवून सगळे पाणी दाबून काढले तर चक्का पनीरसारखा रवाळ होतो आणि मग त्यात कितीही साय घातली तरी जिभेला कण लागतातच. चमच्याने ओढलेली रेघ मिटत नाही, पण चमचा तिरका केल्यावर चक्का हळूहळू खाली सरकतो, अशी अवस्था मला योग्य वाटते.

मऊपणासाठी चक्का पुरणयंत्रातून काढणे हा श्रीखंड करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला मार्ग येथेही उत्तम चालतो. बारीक जाळी लावून एकदाच काढावा आणि त्यात दोन मोठे चमचे फेटलेली साय हलक्या हाताने कालवावी. हँड ब्लेंडर लावण्याचा मोह आवरावा, कारण दह्याची घट्ट जाळी जोरात फिरणाऱ्या पात्याने तुटली की नंतर फ्रिजमध्ये कितीही ठेवले तरी ती पूर्वीइतकी बांधली जात नाही. मीठ चक्क्यातच आधी मिसळून अर्धा तास ठेवावे आणि वर जे थोडे पाणी दिसेल ते निथळून टाकावे. एकूण वजनाच्या साधारण १ टक्का, म्हणजे येथे ४ ग्रॅम मीठ पुरते. मीठ पाल्यावर थेट घातले तर ते चिरलेल्या कडांमधून पाणी ओढून घेते आणि तासाभरात वाटीच्या कडेने हिरवट पाणी जमू लागते.

आता पाल्याविषयी, कारण खरी गंमत तेथेच आहे. फ्रँकफुर्टच्या सातांतील क्रेस म्हणजे आपल्या अळिवाचे रोप. लाडवांसाठी आणलेले अळीव ओल्या कापसावर विरळ पसरले की दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि आठवड्याभरात बोटभर उंचीची, कात्रीने कापण्याजोगी हिरवी कोवळी रोपे मिळतात. अळीव आधी भिजत घालू नये. बियांभोवती बुळबुळीत थर धरतो आणि सगळ्या बिया एकमेकींना चिकटून बसतात. कोरड्याच बिया ओल्या कापसावर शिंपडाव्यात आणि वरून फक्त पाण्याचा फवारा द्यावा. या रोपांना मोहरीसारखा आणि मुळ्यासारखा झणका असतो, त्यामुळे डिपमध्ये मिरची घालण्याची गरजच उरत नाही. सॉरेलच्या बाबतीतही असेच भाग्य लाभले: आपला चुका त्याच कुळातील, किंबहुना त्याच वंशातील आहे आणि त्याचा आंबटपणाही तशाच ऑक्झॅलिक आम्लाचा आहे. चुक्याची कोवळी पाने देठ काढून कच्चीच चिरली की लिंबाचा रस जवळजवळ वगळता येतो आणि डिप पातळ करणारे आणखी एक कारण नाहीसे होते. चुका लोखंडी विळीवर मात्र चिरू नये, स्टीलची सुरी घ्यावी. आम्लामुळे लोखंडाचा काळा डाग आणि धातूची चव दोन्ही पाल्याला लागतात.

चर्व्हिलच्या सौम्य, बडीशेपेच्या जवळ जाणाऱ्या वासासाठी कुंडीतल्या बडीशेपेची कोवळी पाने घेतली. चाइव्ह्जऐवजी कांद्याच्या पातीचे फक्त हिरवे, बारीक शेंडे घेतले, कारण खालचा पांढरा भाग रसाळ असतो आणि त्याचा उग्रपणा फ्रिजमध्ये वाढतच जातो. बोराज आणि बर्नेट या दोघांची चव काकडीच्या जवळची असते, म्हणून काकडी किसून घालण्याचा विचार स्वाभाविकपणे मनात येतो. परंतु काकडी म्हणजे बहुतांशी पाणीच असल्याने तिला वाटीबाहेर, डिपमध्ये बुडवण्याच्या कापांच्या ताटात स्थान दिले आहे. शेपू मूळ सातांमध्ये नाही. तरीही चक्क्याबरोबर तो इतका जुळतो की त्याला वगळणे मला जमले नाही. ज्यांच्या घरी शेपूचे नाव काढताच मंडळी नाक मुरडतात, त्यांनी हा पाला चक्क्यात एकदा अवश्य चाखवून पाहावा. भाजीत शिजल्यावर येणारा त्याचा जड वास कच्च्या शेपूत नसतो आणि स्निग्धांश त्याची धार आणखी बोथट करतो. कोथिंबीर मात्र मी जाणीवपूर्वक बाहेर ठेवली आहे. ती वाईट लागते म्हणून नव्हे, तर आपल्या जिभेला तिची इतकी सवय आहे की चमचाभर कोथिंबीर घातली तरी खाणारा लगेच “दह्यातली चटणी छान झाली आहे” असे म्हणतो.

सध्या ३५० ग्रॅम चक्क्याला निवडलेला आणि पूर्ण कोरडा केलेला ६५ ग्रॅम पाला हे प्रमाण स्थिर झाले आहे. त्यात पार्सली १८ ग्रॅम, कांद्याची पात आणि चुका प्रत्येकी १२, शेपू आणि अळिवाची रोपे प्रत्येकी ८, बडीशेपेची पाने ४ आणि पुदिना ३ ग्रॅम असे वजन घेतो. पार्सली सर्वांत अधिक असूनही २८ टक्क्यांच्या आतच राहते. पुदिना ५ ग्रॅमच्या पुढे गेला की बाकी सहा प्रकार असून नसल्यासारखे होतात.

धुणे आणि वाळवणे या कामाला चिरण्यापेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो आणि तो द्यावाच. पावसाळ्यातील पाला चिखल घेऊन येतो, शिवाय हा पाला शिजणार नाही. म्हणून पाणी तीन-चार वेळा बदलून धुतल्यावर शेवटचे पाणी पिण्याचे, उकळून गार केलेले असावे. नंतर सॅलड स्पिनरमध्ये फिरवून, सुती पंच्यावर एकेरी थरात पसरून पंख्याखाली ठेवावा. पान बोटांत चुरल्यावर ओलसर लागले तरी चालते, पण पृष्ठभागावर पाण्याचा थेंब दिसता कामा नये. ओला पाला सुरीखाली कापला न जाता चेचला जातो, आणि चेचलेल्या पानांतील विकरे (एन्झाइम) हवेशी संयोग होताच त्याला काळपट करू लागतात. धारदार सुरीने एकाच दिशेने चिरावे, त्याच ढिगावर पुन्हा पुन्हा सुरी चालवू नये. चिरून झाल्याबरोबर एक मोठा चमचा सौम्य ऑलिव्ह तेल चोळून घेतले, तर पाला चक्क्यात अधिक वेळ ताजा दिसतो.

रंग टिकवण्यासाठी पाला पंधरा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून बर्फाच्या पाण्यात टाकण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ती करून पाहिली. रंग झळझळीत येतो आणि दुसऱ्या दिवशीही बराचसा टिकतो, कारण काळपटपणा आणणारी विकरे उष्णतेने निकामी होतात. पण शेपू, पुदिना आणि अळीव यांचा कच्चा वास गरम पाण्यातच निघून जातो आणि चुका तर डोळ्यांदेखत खाकी होतो. पार्सलीपुरती ही युक्ती वापरता येईल, बाकीच्यांवर ती वाया जाते. रंगासाठी पालकाची प्युरी घालण्याचा सल्लाही मिळाला. तो मी मानला नाही आणि मानणारही नाही.

लसणाच्या बाबतीत वेळेचे गणित सांभाळावे लागते. लसूण किसला की त्याच्या पेशी फुटून जो तिखट घटक तयार होतो, त्यामागील विकराला आम्लाने आळा बसतो. म्हणून एक लहान पाकळी थेट चमचाभर लिंबाच्या रसात किसावी, दहा मिनिटांनी तो रस गाळून चक्क्यात घालावा आणि चोथा टाकून द्यावा. असे केले की लसणाचा वास राहतो, पण दुसऱ्या दिवशी डिपभर पसरणारा त्याचा कडवट ठसका राहत नाही. लिंबात आम्लाखेरीज सालीचाही उपयोग होतो. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असल्याने किसणीवर पांढरा कडू भाग फार लवकर येतो, म्हणून अर्ध्याच लिंबाची, तीही अगदी हलक्या हाताने किसलेली साल घ्यावी.

पाहुणे येण्याच्या वेळेशी मिसळण्याच्या वेळेचा मेळ घालणे हा या टप्प्यातील सर्वांत उपयोगी धडा ठरला. पाल्यातील बरेचसे सुगंधी घटक स्निग्धांशात विरघळणारे असतात. त्यांना चक्क्यात आणि सायीत उतरायला दोन-तीन तास लागतात, त्यामुळे कालवल्याबरोबर चाखलेले डिप नेहमीच बेचव आणि गवतासारखे लागते. दुसऱ्या बाजूला रात्रभर ठेवले तर चक्क्याच्या आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम सुटते आणि हिरवा रंग शेवाळी होऊ लागतो. म्हणून दही दोन दिवस आधी लावणे, चक्का आदल्या रात्री बांधणे, पाला त्याच सकाळी वाळवून कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवणे आणि जेवणाच्या तीन तास आधी सगळे एकत्र करणे, हा क्रम आता पक्का केला आहे. अळिवाची चिमूटभर रोपे वरून घालण्यासाठी मात्र शेवटपर्यंत न चिरता ठेवावीत.

एवढे डिप आठ जणांना पुरते. ते एकाच मोठ्या वाडग्यात न मांडता दोन लहान वाट्यांत वाढावे आणि एक वाटी संपल्यावरच फ्रिजमधून दुसरी काढावी; अर्धवट संपलेल्या वाटीत नवे डिप ओतू नये. खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ ते ठेवणे योग्य नाही आणि मे महिन्याच्या उकाड्यात एक तास हीच मर्यादा समजावी. सोबतीला सालीसकट उकडलेले लहान बटाटे सर्वोत्तम. काकडी, गाजर, मुळा यांचे काप चालतात, पण ते पुसून ठेवावेत. ज्वारीच्या शिळ्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे मला विकतच्या क्रॅकरपेक्षा सरस वाटले, कारण त्यांना स्वतःची चव आहे आणि मीठ नाही.

मागच्या वेळी आमच्या आत्यांनी एक घास घेऊन विचारले, “कोशिंबिरीला लागते तशी चिमूटभर साखर याला नको का?” डिपमध्ये साखर हे ऐकून प्रथम अंगावर काटा आला. तरी उरलेल्या अर्ध्या भागात पाव चमचा पिठीसाखर घालून पाहिली, आणि चुक्याचा आंबटपणा तिने खरोखरच गोलाईत आणला; गोड चव मात्र कोणालाच जाणवली नाही. चुका असेल तेव्हाच आणि एवढीच साखर, अशी नोंद आता प्रमाणात केली आहे.

पुढील प्रयत्न उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा आहे. तो बारीक चाळणीतून काढून तेलाबरोबर घोटला आणि मग चक्क्यात कालवला, तर सायीची गरज कितपत कमी होते आणि बलकातील लेसिथिनमुळे तेल किती चांगले धरून राहते, हे पाहायचे आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक शाकाहारी असल्याने दोन वाट्या वेगळ्या कराव्या लागतील, त्यामुळे एकाच चक्क्याची आणि एकाच पाल्याची दोन रूपे शेजारी ठेवून चाखण्याची संधीही आपोआप मिळेल. बोराजचे बी कुंडीत पेरले असून थंडीत ते कसे वाढते यावर सातांपैकी आणखी एका जागेचा निर्णय अवलंबून आहे.