नट शांताराम आणि दिग्दर्शक शांताराम

व्ही. शांताराम यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक दिग्दर्शक शांताराम यांच्याविषयी असते आणि नट शांताराम त्यात दोन-तीन ओळींत आटोपतात. मला मात्र त्यांची कारकीर्द नटाच्या बाजूने पाहिली की अधिक उलगडते असे वाटते.

कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करता करता शांताराम कॅमेऱ्यासमोरही उभे राहिले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये, जमीन सावकाराच्या घशात गेल्यामुळे शहराची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यांनी केली. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांची चलती असताना समकालीन शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणणाऱ्या या मूकपटाची कथा नारायण हरी आपटे यांची होती. बारा वर्षांनी, दिग्दर्शक म्हणून नाव झाल्यावर, शांताराम आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीकडे वळले आणि तिच्यातून ‘कुंकू’ झाला. कोणत्या कथेत जीव आहे, हे त्यांना नट असतानाच उमगले असावे, असा माझा तर्क आहे.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला हलली. यानंतरच्या काळात, म्हणजे ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या त्यांच्या सर्वांत सकस चित्रपटांत, मुख्य भूमिका त्यांनी स्वतःकडे ठेवल्या नाहीत. ‘कुंकू’तील वृद्ध बिजवर त्यांनी केशवराव दाते या रंगभूमीवरील मुरलेल्या नटाच्या हाती सोपवला आणि शांता आपटे यांच्या नीरासमोर त्याला उभे केले. पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून घरातले नैसर्गिक आवाज, विशेषतः घड्याळाची टिकटिक, ऐकू येऊ देण्याचा त्यांचा निर्णय मला आजही धाडसी वाटतो, कारण नटाच्या चेहऱ्यावर आणि बोलण्यावर पूर्ण भरवसा असल्याशिवाय कोणी तो घेणार नाही.

१९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी परळला राजकमल कलामंदिर उभारले आणि तिथे नट शांताराम परतले. चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मरण पावलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची भूमिका त्यांनी १९४६ मध्ये केली, तेव्हा ते स्वतः चव्वेचाळीस ओलांडून गेले होते. वयाचे अंतर पडद्यावर जाणवते, पण कळकळ त्याच्यावर मात करते. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये त्यांचा आदिनाथ हा जेलर सहा खुनी कैद्यांना माळरानावर शेती करायला घेऊन जातो. औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग आणि ग. दि. माडगूळकरांचे लेखन त्यामागे होते. बैलाबरोबरच्या प्रसंगाच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. पुढे बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा सन्मान झाला. आदिनाथ बोलतो कमी आणि पाहतो अधिक. त्यामुळे हावभाव ठळक करण्याची शांतारामांची सवय इथे बरीचशी आवरलेली दिसते.

१९६१ च्या ‘स्त्री’मध्ये मात्र साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी दुष्यंत साकारला. कोणी हितचिंतकाने त्यांना तेव्हा थांबवायला हवे होते, असे मी आदर राखूनच म्हणतो. त्यानंतर अकरा वर्षांनी ‘पिंजरा’तील तत्त्वनिष्ठ मास्तरांसाठी त्यांनी डॉ. श्रीराम लागू यांना बोलावले. केशवराव दात्यांप्रमाणे हेही रंगभूमीवरचे नट होते, आणि ‘पिंजरा’ आजही लोक लागूंच्या मास्तरांसाठी पाहतात.