आईला सांगून जा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज दुपारी वीस मिनिटं माझा मुलगा कुठे होता ते मला ठाऊक नव्हतं.

कपडे वाळत घालून आत आले, हाक मारली, ओ नाही. वरच्या खोल्या बघितल्या, बाथरूम, मागचं अंगण, सायकली ठेवायची शेड. पुढचं दार नुसतंच लोटलेलं. तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला. चप्पल न घालताच रस्त्यावर आले, तर शेजारचे गृहस्थ त्याला घेऊन येतच होते. दोन घरं पलीकडे मित्राचं कुत्र्याचं पिल्लू बघायला गेला होता. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या गृहस्थांनी घशातून एक विचित्र आवाज काढला. धड म्याऊ नाही, धड गुरगुरणं नाही, कुणीतरी तोंडात पाणी धरून भांडावं तसा. आणि मुलाकडे वाकून गंभीरपणे म्हणाले, ‘चार्ली म्हणतो, कुठेही जायच्या आधी आईला सांगायचं.’

नऊ वर्षांचा मुलगा खुदकन हसला. मला रडू येत होतं.

संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावून हा चार्ली ज्या फिल्ममधला, ती दाखवली. ते पन्नाशी ओलांडलेले, इथेच, इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये वाढलेले. त्यांच्या लहानपणी टीव्हीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत सरकारी जनजागृतीच्या छोट्या फिल्म्स लागत. सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन नावाचं खातं त्या करून घ्यायचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये सुरू झालेलं हे खातं 2012 मध्ये बंद झालं. चार्लीच्या फिल्म्स 1973 च्या, रिचर्ड टेलर यांच्या कार्टून स्टुडिओत केलेल्या. जाड रेषांची, अगदी साधी चित्रं. एक लहान मुलगा आणि त्याचं केशरी मांजर. मांजर जे काही बोलतं ते आपल्याला कळत नाही, मुलाला कळतं. तो आपल्याला सांगतो, ‘चार्ली म्हणतो...’ काड्यापेटी सापडली तर हात लावायचा नाही, आईला सांगायचं. बागेत अनोळखी माणूस पिल्लं दाखवतो म्हणाला तर त्याच्याबरोबर जायचं नाही.

पिल्लं! माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मांजराचा आवाज केनी एव्हरेट यांचा. ते इथले गाजलेले रेडिओ निवेदक आणि विनोदी कलाकार. फिल्म मिनिटभराचीसुद्धा नसेल, पण करणाऱ्यांना मुलांचं मन पक्कं कळलेलं होतं. मोठ्या माणसाने बोट उगारून सांगितलेलं मूल ऐकून सोडून देतं. इथे उपदेश करतं ते मांजर, आणि त्याचं बोलणं समजावून सांगायचा मान मुलाचा. ज्याने समजावून सांगितलं तो विसरेल कसा?

मग त्यांनी गाणं लावलं.

ते करणारा लियाम हाउलेट हा ब्रेनट्रीचा मुलगा. आमच्या चेम्सफर्डहून ब्रेनट्री गाडीने अर्ध्या तासावर. परवाच मी तिथे एका मैत्रिणीकडे जाऊन आले. जन्म 1971 चा, म्हणजे चार्ली टीव्हीवर आला तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा. त्या फिल्म्स पुढे वर्षानुवर्षं लागत राहिल्या आणि त्याच्या पिढीच्या कानात जाऊन बसल्या. 1991 मध्ये, विशीत, ‘द प्रॉडिजी’ या आपल्या नव्या ग्रुपसाठी त्याने त्या फिल्ममधला मुलाचा आवाज आणि मांजराचं ते ओरडणं सॅम्पल केलं, म्हणजे जसंच्या तसं उचलून यंत्रात भरलं. रोलँड कंपनीचं डब्ल्यू-30 हे त्याचं यंत्र. कीबोर्डही तोच आणि सॅम्पलरही तोच. एक पट्टी दाबली की मुलगा बोलणार, दुसरी दाबली की मांजर ओरडणार. खाली ड्रमचा धावता, तुटक ठेका. गाण्याचं नाव ‘चार्ली’. त्या वर्षी ते ब्रिटनमधल्या गाण्यांच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

मला हे संगीत जवळचं नाही. माझे कान अभंग आणि भावगीतांवर वाढलेले. पण आज स्वयंपाकघरातल्या त्या छोट्या स्पीकरवर ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. मांजर ओरडतं आणि पाठोपाठ सिंथेसायझर तोच आवाज वर-खाली करत स्वतःची धून करून घेतो. मुलगा मात्र तसाच राहतो. त्याचं निरागस, शहाणं वाक्य प्रत्येक वेळी कोरडं, स्वच्छ, जसं टीव्हीवर होतं तसंच. सगळा गोंगाट त्याच्याभोवती फिरतो आणि त्याला कुणी धक्का लावत नाही.

शेजारच्यांनी सांगितलं, ते वीस वर्षांचे असताना हे गाणं त्यांनी एका शेतात ऐकलं, रात्री तीन वाजता. तेव्हा रेव्हची, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्यांची लाट होती. लंडनभोवतीच्या एम-25 हमरस्त्यालगतच्या शेतांत आणि गोदामांत पोरं जमायची, कुठे जमायचं ते आयत्या वेळी फोनवर कळायचं. ‘आईला ठाऊक होतं?’ मी विचारलं. ‘नव्हतं,’ ते म्हणाले, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ते वाक्य आलं की सगळं शेत एकदम ओरडायचं. अनोळखी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडायची, कारण सगळ्यांच्या घरी तोच टीव्ही होता.

1992 मध्ये नाचाच्या संगीताला वाहिलेल्या ‘मिक्समॅग’ मासिकाने चार्लीने रेव्ह मारला का, असा मुखपृष्ठावरच सवाल केला होता. त्या गाण्यामागोमाग लहान मुलांच्या कार्यक्रमांचे तुकडे घेऊन गाणी करायची रीघ लागली होती, त्याचा तो राग. त्या रिघेबद्दल ते खरंही असेल. पण या एका गाण्याला पोरखेळ म्हणणं मला पटत नाही. घरापासून लांब, अंधारात, विशीतल्या पोरांना आईची आठवण करून देणारं गाणं पोरकट कसं?

घरी आल्यावर मला माझा टीव्ही आठवला. पुण्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर, लाकडी शटरचा कृष्णधवल संच, सिंहगडावरून येणारं मुंबई दूरदर्शन. आणि ‘आपण यांना पाहिलंत का?’ पडद्यावर एक पुसट फोटो, बहुतेक शाळेच्या ओळखपत्रावरचा. बाईंचा संथ आवाज: वय, उंची, रंग, अंगात काय घातलं होतं, कुठून हरवला. मी आईच्या मांडीला चिकटून बसायची. मला वाटायचं की ही मुलं टीव्हीतच हरवली आहेत, त्या पांढऱ्या मुंग्यांच्या मागे कुठेतरी. ते संपेपर्यंत आई ताटं वाढत नसे. एकदा ती नुसतीच म्हणाली, ‘कुणाचं तरी लेकरू.’

आज अंगणातून शेडकडे पळताना माझ्या डोक्यात नेमका तोच आवाज चालू झाला होता. वय नऊ. निळा टी-शर्ट. उजव्या गुडघ्यावर खरचटल्याची खूण. तीसेक वर्षांत तो कार्यक्रम मला एकदाही आठवला नव्हता, आणि आज त्याच चालीत मी माझ्या पोराचं वर्णन जुळवत होते.

शेजारच्यांनी उठता उठता आणखी एक गाणं ऐकवलं, ते अजून डोक्यातून जात नाही. चार्ली जिथे जन्मला त्याच टेलर यांच्या स्टुडिओने ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ नावाच्या फिल्म्सही केल्या होत्या, अणुबॉम्ब पडणार असं दिसलं तरच दाखवायच्या म्हणून तयार ठेवलेल्या. घरातली दारं बिजागऱ्यांतून काढा, आतल्या भिंतीला तिरपी टेकवा, वर मातीच्या पिशव्या रचा, चौदा दिवसांचं अन्नपाणी भरा. कुणी दगावलं तर दुसऱ्या खोलीत हलवा आणि नाव-पत्त्याची चिठ्ठी लावा. हे सगळं पॅट्रिक ॲलन यांच्या शांत, भरदार आवाजात. 1980 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने त्यातलं काही दाखवलं तेव्हा देशाला ते कळलं. 1984 मध्ये लिव्हरपूलच्या ‘फ्रँकी गोज टू हॉलीवूड’ने ‘टू ट्राइब्ज’ हे गाणं केलं, आणि निर्माते ट्रेव्हर हॉर्न यांनी खुद्द ॲलन यांनाच बोलावून त्याच थाटात सूचना वाचायला लावल्या. गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शेजारचे तेव्हा तेरा वर्षांचे. शाळेच्या डिस्कोत नाचताना तो आवाज आजी मेली तर तिचं काय करायचं ते सांगत होता, आणि त्यांची आजी तेव्हा खरंच घरी आजारी होती. ते नाचत राहिले. ‘थांबलो असतो तर घाबरलो असतो,’ ते म्हणाले.

ही त्यांची दोन्ही गाणी आज मला कळली. टीव्हीने लहान मुलाला भीती दिली, ती चांगल्या हेतूनेच दिली, पण ती ठेवायची कुठे हे सांगितलं नाही. मूल ती अंगात घेऊन वाढलं. मग त्यातल्याच कुणीतरी तिला ठेका दिला, आणि एकट्याने गिळलेली भीती हजार जणांनी मिळून उड्या मारत बाहेर टाकली. आमच्या ‘आपण यांना पाहिलंत का?’वर माझ्या ऐकण्यात असं गाणं आलेलं नाही. कुणी करावं असं मला फार वाटतं. त्या बाईंचा आवाज तसाच ठेवावा, त्याला कुणी धक्का लावू नये.

झोपायच्या आधी मुलाला जवळ घेऊन बसले. रागावले नाही. आपल्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, एवढंच सांगितलं. त्याने विचारलं, ‘पण मी तर जात असतो ना?’ मी म्हटलं, हो, पण मागे राहिलेल्या माणसाला तेवढाच शब्द पुरतो. माझी आजी उंबऱ्यापर्यंत यायची आणि तो शब्द ऐकल्याशिवाय आत वळायची नाही. त्याने थोडा विचार केला आणि घशातून चार्लीचा तो आवाज काढायचा प्रयत्न केला. शेजारच्यांइतका जमला नाही.

‘चार्ली काय म्हणाला?’ मी विचारलं.

‘येतो म्हणाला.’

आत्ता तो झोपला आहे. खाली जाऊन मी पुढच्या दाराची कडी दोनदा पाहून आले.